दोन पॉइंट जास्त

२ फेब्रुवारी

निवृत्त होताना कारखान्यातून एक कोरं तपासणी रजिस्टर घरी आणलं होतं. विचारून आणलं, उचलून नाही. आठ वर्षं ते कपाटात पडून होतं. पानापानावर रकाने छापलेले आहेत: तारीख, कामगार नंबर, माप, शेरा, सही. आज रकान्यांकडे दुर्लक्ष करून आडवं लिहिते आहे. नोकरीत असताना असं कोणी माझ्यासमोर केलं असतं तर मी रजिस्टर त्याच्या हातातून काढून घेतलं असतं.

लिहायचं कारण म्हणजे माळ्यावरचा डबा. हे गेले त्याला चौदा महिने झाले. आज मनाचा हिय्या करून यांचं सामान खाली काढलं. त्यात रंगाचा एक जुना डबा निघाला, एका हाताने उचलवेना इतका जड. आत फडक्यात गुंडाळलेल्या पोलादी पिना, अंगठ्याएवढ्या, मोजून एक्केचाळीस. प्रत्येकीच्या डोक्यावर सत्तेचाळीसचा आकडा ठोकलेला, म्हणजे यांचा कामगार नंबर. आणि प्रत्येकीच्या अंगावर लाल रंगाचा पट्टा. तो मात्र माझा.

हे लेथवर टर्नर होते आणि मी चेकर. हे आणि आणखी बाराजण पिना कातायचे, मी त्या मोजायची. माप बसलं तर हिरवा ठिपका, नाही बसलं तर लाल पट्टा, आणि पट्टा ओला असतानाच त्यावर खिळ्याने तारीख. नवऱ्याची म्हणून एकही पिन मी कधी डोळेझाक करून सोडली नाही. लोक त्यावरून हसायचे. हे काही बोलायचे नाहीत.

पिनांना तेल लावलेलं होतं, आणि तेही फार जुनं नाही. म्हणजे हा माणूस अधूनमधून माळ्यावर चढायचा, मी नापास केलेली एकेक पिन पुसायचा, तिला तेल लावायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. मनात राग धरून बसणारे पुष्कळ पाहिले, पण रागाची इतकी निगा राखणारा माझ्याच घरात होता आणि मला पत्ता नव्हता. दुपारी जेवले नाही.

५ फेब्रुवारी

आमच्या बंद कारखान्यात आता प्रदर्शनं भरतात. तिथली सगळी व्यवस्था बघणारी एक बाई आहे. तिचा चष्मा गळ्यात दोरीला लटकत असतो आणि ती तो सगळीकडे शोधत असते. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलंय. तिने जुन्या कामगारांना कळवलं होतं की मागच्या आवारात पडलेल्या भंगारातून कोणाला काही करून दाखवायचं असेल तर जागा देऊ. वेल्डरने साखळ्यांचं झाड उभं केलंय म्हणे. ते पत्र आलं तेव्हा मी हसून बाजूला टाकलं होतं. आज तेच पत्र घेऊन गेले.

मला माझी तपासणीची खोली हवी म्हणाले. कल्पना काय आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कल्पना नाही, पिना आहेत. तिने ते वाक्य लिहून घेतलं. असल्या लोकांसमोर बोलताना जपून राहायला हवं.

खरी गोष्ट तिला सांगितली नाही, इथे लिहिते. मागच्या आवारातल्या भंगाराच्या पिंपांमध्ये बाकीच्या बारा टर्नरांच्याही नापास पिना पडल्या आहेत. त्या सगळ्या एका खोलीत टांगायच्या आणि त्यांच्यामध्ये यांच्या एक्केचाळीस सोडून द्यायच्या. सगळ्यांच्या चुकांमध्ये यांच्या चुका दिसेनाशा होतील. हयात असताना मी यांना एवढी सवलत दिली नाही, आता देते.

खोलीत माझं टेबल अजून आहे. माझ्या बाजूला खुर्ची. टर्नरच्या बाजूला खुर्ची तेव्हाही नव्हती.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर पिंपं उपसते आहे. हात कोपरापर्यंत तांबूस झालेत आणि सहासष्टाव्या वर्षी कंबर आपलं वय विसरायला तयार नाही. आतापर्यंत दोनशे तीस पिना निवडल्या. ज्यांचं डोकं गंजून नंबर वाचता येत नाही त्या घेतल्या नाहीत. चष्मेवाली म्हणाली, गंजलेल्या जास्त सुंदर दिसतात. मी म्हटलं, सुंदर दिसत असतील, पण कोणाच्या ते कळायला नको का.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. भावाच्या वर्षश्राद्धाला रडल्या नसतील तेवढ्या आज माझ्या हातांची काळजी करत होत्या. त्यांना डब्याचं सांगितलं. त्यांच्या भावाने माझ्यावरचा राग एवढी वर्षं तेलपाणी करून सांभाळला, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, दादाने तुझ्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही, वहिनी. मी म्हटलं, तेच तर. शब्द काढणाऱ्या माणसाला डबा लागत नाही.

१३ फेब्रुवारी

दिवसभरात कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी लक्षात आलं.

२० फेब्रुवारी

टांगायची पद्धत ठरली. खोलीच्या छताला लोखंडी जाळी बसवून घेतली आहे. प्रत्येक पिन बारीक तारेने त्या जाळीला लटकणार. पण कशाही उंचीवर लटकवणं माझ्याने होणार नाही. ते म्हणजे कपडे वाळत घालणं झालं.

मिलिमीटरचे शंभर भाग केले की त्यातल्या एका भागाला आम्ही पॉइंट म्हणायचो. बरोबर मापाची पिन माझ्या टेबलाच्या उंचीवर आली असती, असं धरायचं. जी एक पॉइंट जाड ती चार बोटं वर. जी एक पॉइंट बारीक ती चार बोटं खाली. म्हणजे ज्याची जेवढी चूक तेवढी ती डोळ्यांना दिसेल. आणि प्रत्येकाच्या पिना दारापासून टेबलापर्यंत तारखेच्या क्रमाने. चष्मेवाली म्हणाली, इतकं मोजून काय करायचं, बघणाऱ्याला थोडंच कळणार आहे. मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने चष्मा शोधायला घेतला.

१ मार्च

रोज तीसेक पिना मोजून होतात. मायक्रोमीटर हातात आला की हात थरथरत नाही. घरी कप उचलताना थरथरतो. सगळ्या मोजायला घेतल्यात, जुन्या नोंदींवर विसंबले नाही. यांच्या एक्केचाळीस शेवटी ठेवल्या आहेत. टाळते आहे, हे मला कळतं.

ज्यांना हसत हसत नापास केलं त्यांचे चेहरे नंबरांवरून आठवतात. बावीस नंबर सकाळी जाड आणि जेवणानंतर बारीक कातायचा. नऊ नंबरला नवं हत्यार दिलं की चार दिवस काही सुधरायचं नाही. माणसाची चूक कधी एका बाजूची नसते. आज वर, उद्या खाली. सदतीस वर्षांत मी एवढंच शिकले.

४ मार्च

आज यांच्या पिना मोजल्या.

पहिली दोन पॉइंट जास्त. दुसरी दोन पॉइंट जास्त. तिसरी, चौथी, तीच गत. दहा झाल्यावर मी मायक्रोमीटर खाली ठेवला. तो अडकत असणार. एक्केचाळीस पिना, अकरा महिन्यांतल्या वेगवेगळ्या तारखा, आणि सगळ्या दोन पॉइंट जास्त, असं होत नाही. उद्या चष्मेवालीकडून दुसरा मायक्रोमीटर मागवते.

५ मार्च

दुसरा आणला. प्रमाण ठोकळ्यावर लावून बघितला, अगदी बरोबर. पहिलाही बरोबरच होता. दोन पॉइंट जास्त.

मग रजिस्टर बघितलं. चष्मेवालीने जुनी रजिस्टरं फेकली नाहीत, एवढं तिचं कौतुक. त्या वर्षाचं सापडलं. नियम असा होता की नापास पीस परत न्यायला टर्नरने स्वतः यायचं. चेकरने नंबर आणि चूक मोठ्याने वाचायची, त्याने शेरा लिहायचा आणि सही करायची. बाकीच्यांनी शेऱ्यात काय काय लिहिलंय, हत्यार घासलं, मशीन हलतंय, डोकं दुखत होतं. एकाने तर सासरे आलेत असं लिहिलंय. यांच्या ओळीत शेरा कोरा. पुढे सही. एक्केचाळीस वेळा माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, दोन पॉइंट जास्त. तेव्हा माझ्या लक्षात कसं आलं नाही? रोज शंभर पिना हातावरून जायच्या, हे एक कारण. आणि ते वर्ष तसं होतं, हे दुसरं.

९ मार्च

सगळ्या टांगून झाल्या. खोलीत दोनशे एकाहत्तर पिना आहेत. बारा जणांच्या दोनशे तीस वर खाली, कुठेही, कशाही. आणि त्यांच्या मधून यांच्या एक्केचाळीस एका सरळ रेषेत, टेबलापासून आठ बोटं वर, दारापासून थेट माझ्या खुर्चीपर्यंत.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. गर्दीत लपवायला आणलं होतं यांना. आता दारातून आत आलं की आधी हेच दिसतात.

चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ही रेषा तुम्हाला कशी सुचली. मी म्हटलं सुचली नाही, निघाली. तिला पटलं नाही. कोणालाच पटणार नाही. लोक म्हणतील, बाईने नवऱ्याच्या पिना मुद्दाम ओळीत लावल्या. दुपारी शिडीवर चढून त्यातल्या दहाबारा वर खाली करायला घेतल्या, म्हणजे जरा नैसर्गिक दिसेल. पहिल्याच तारेला हात घातला आणि थांबले. मापात फेरफार मी यांच्यासाठीही केला नव्हता, मग लोकांसाठी कशाला करू. खाली उतरले.

११ मार्च

ते वर्ष लिहूनच टाकते.

आमची मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. अजून नावही ठेवलं नव्हतं. चाळिसाव्या दिवशी मी कामावर परत गेले. घरी मी बोलणं टाकलं. भांडण नव्हतं. तोंड उघडलं तर आधी रडूच येईल असं वाटायचं, म्हणून उघडलं नाही, आणि मग न बोलायची सवय झाली. हे सुरुवातीला विचारायचे, जेवलीस का, डॉक्टरकडे जाऊया का. मी मान हलवायची. मग यांनीही विचारणं सोडलं. दोन खोल्यांचं घर, दोन माणसं, आणि भांड्यांचा तेवढा आवाज. अकरा महिने.

कारखान्यात मात्र बोलावंच लागायचं, नियम होता. हे टेबलापलीकडे येऊन उभे राहायचे आणि मी म्हणायची, “सत्तेचाळीस नंबर, दोन पॉइंट जास्त, सही करा.” हे लगेच सही करायचे नाहीत. रजिस्टर पुढे ओढून जरा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, चारचौघांत बायकोने चूक वाचून दाखवली म्हणून जड जातंय. मी पेन पुढे सरकवायची.

दुःखाने यांचा हात बिघडला, असं मी तेव्हा धरून चालले होते. त्याआधी यांची पिन महिनोन्महिने नापास व्हायची नाही. दोन पॉइंट म्हणजे काय, पॉलिशपेपरचे दोन हात मारले की निघून जातात. दुसऱ्या दिवशी हे पिन आणून द्यायचे, ती मापात असायची, मी हिरवा ठिपका द्यायची. मला वाटायचं तीच पिन घासून आणली. आता कळतं की ती नवीन कातलेली असायची आणि जुनी या डब्यात जायची. घासायचा एवढा कसला कंटाळा, कोण जाणे.

त्या वर्षी मिस्त्रीची जागा रिकामी झाली होती. ती यांचीच होती, सगळे तसं धरून होते. पण लाल पट्टे मोजले गेले आणि जागा शेजारच्या लेथवाल्याला मिळाली. अठरा तारखेला यादी लागली. डब्यातल्या शेवटच्या पिनेवर तीच अठरा तारीख आहे. दुसऱ्या दिवशी मला यांची इतकी कीव आली की रात्री निजताना माझ्या तोंडून निघून गेलं, “दिवा घालवू का?” हे अंथरुणात उठून बसले. “घालव,” म्हणाले. एवढंच. पण तिथून आम्ही पुन्हा बोलायला लागलो, लागेल तेवढं.

त्यानंतर यांची पिन नापास झाली नाही. जागा गेली तेव्हा डोळे उघडले असणार. आणि जागा माझ्यामुळे गेली, हे डब्यात राहिलं.

१५ मार्च

आज खोली लोकांसाठी उघडली. पन्नासेक माणसं येऊन गेली. चष्मेवालीने भिंतीवर लावायला चार ओळी मागितल्या होत्या, मी एकच दिली: नापास पिना, मापाप्रमाणे. कोणी म्हणालं पाऊलवाट आहे, कोणी म्हणालं नदी आहे. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. स्वतःच्या खोलीत पाहुण्यासारखं वाटत होतं.

चारच्या सुमाराला काठी टेकत मिस्त्री आले. ज्यांना यांची जागा मिळाली, तेच. मला अजून चेकरबाई म्हणतात. आधी सगळीकडे फिरून नंबर ओळखत हसत होते. मग त्या रेषेपाशी आले आणि त्यांचं हसू थांबलं. डोकं वाकवून एकेका पिनेचा नंबर बघत दारापासून टेबलापर्यंत चालत आले.

“हे सगळं सत्तेचाळीसचं?”

मी हो म्हटलं. मायक्रोमीटर बदलून बघितला, हेही सांगितलं.

“असं चुकायला हात लागतो, चेकरबाई,” ते म्हणाले. “मला जन्मात जमलं नसतं.”

ते माझ्याकडे बघत होते, मला काहीतरी कळायची वाट बघत असल्यासारखे. मग काठी टेबलाला टेकवून त्यांनी सांगितलं की त्या वर्षी त्यांनी यांना विचारलं होतं, तुझं मशीन बघून देऊ का, आठवड्याला एक लाल पट्टा बरा नाही, जागा हातची जाईल. तेव्हा हे हसले होते.

“म्हणाला, मशीन चालू आहे, घर बंद पडलंय. तिथे जाऊन उभा राहिलो की आठवड्यातून एकदा तरी बोलते.” मिस्त्रींनी काठी परत हातात घेतली. “मला वाटलं होतं, त्याने तुम्हाला कधीतरी सांगितलं असेल.”

ते गेल्यावर मी माझ्या खुर्चीत बसले. लोक येत जात होते. एका बाईने विचारलं, तुम्हाला बरं नाही का. मी म्हटलं, मी इथे कामाला आहे.

१६ मार्च

मी हिशेबाने मोजलं, कपाळकरंटीने. यांनी मोजून चूक केली आणि मी ती फक्त मोजली. जागा घालवली, माझ्या सात शब्दांसाठी. तेही कसले शब्द. पेन पुढे सरकवायची मी, लवकर सही करून जावं म्हणून.

वन्संना फोन केला. सांगता आलं नाही. त्या पलीकडून वहिनी, वहिनी करत राहिल्या आणि मी रडत राहिले. तेव्हा रडायचं राहिलेलंही त्यात होतं.

२९ मार्च

प्रदर्शन काल संपलं. चष्मेवालीला ते सगळं कायमचं ठेवायचं आहे. बारा जणांच्या पिना तिला देऊन टाकल्या. यांच्या एक्केचाळीस मी सोडवून घेतल्या. ती म्हणाली, मग राहिलं काय. मी म्हटलं, तारा राहू दे. या वेळी तिने चष्मा शोधला नाही, माझा हात धरून जरा वेळ उभी राहिली. वाटली होती त्यापेक्षा शहाणी आहे.

तिला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. पिना टेबलावर ठेवल्या, शेजारी ही वही उघडली आणि आज पहिल्यांदाच छापलेल्या रकान्यांत लिहिलं. तारीख. सत्तेचाळीस. दोन पॉइंट जास्त. हिरवा ठिपका द्यावा असं क्षणभर मनात आलं, पण जास्त ते जास्तच, यांनाही तो चालला नसता.

मग उठून टेबलाच्या पलीकडे गेले, टर्नर उभे राहतात त्या बाजूला. इतक्या वर्षांत तिथे कधी उभी राहिले नव्हते. तिथून माझी खुर्ची फार जवळ दिसते, हात लांबवला तर पोचेल इतकी. रिकाम्या खुर्चीकडे बघून मीच मोठ्याने म्हटलं, “सत्तेचाळीस नंबर, दोन पॉइंट जास्त, सही करा.” आणि यांच्यासारखीच जरा वेळ उभी राहिले. शेरा कोरा ठेवला, सही केली.

डबा घेऊन घरी आले. पिनांना इतके दिवस हवा लागली होती. संध्याकाळी एकेक पुसून तेल लावलं.